माधवी आणि मधुमालती

पेडणे व डिचोली ह्या उत्तर गोव्यातील दोन तालुक्यांतून हिंडताना घराघरांच्या फाटकावर एक वेल हटकून भेटते. पांढरे, गुलाबी आणि लाल असे तीन रंगांचे घोस तिच्यावर एकाच वेळी लोंबत असतात आणि दिवेलागणीस सारे अंगण सुवासाने भरून जाते. नाव विचारावे तर घरची मंडळी मोठ्या कौतुकाने 'मधुमालती' असे सांगतात. पुष्कळदा त्यास जोडून असेही ऐकू येते, की कालिदासाची माधवी ती हीच. हा घोटाळा केवळ शब्दांचा असता तर आम्ही लेखणी हाती घेतली नसती. परंतु त्यापायी खरी माधवी आपल्याच डोंगरात अनोळखी होऊन बसली आहे, आणि अनोळखी वेलीवर कोयता चालविताना कोणाचाही हात अडखळत नाही.

प्रथम फाटकावरच्या वेलीची ओळख करून घेऊ. इंग्रजीत तिला रंगून क्रीपर म्हणतात. तिचे आजचे शास्त्रीय नाव काँब्रेटम इंडिकम, पूर्वीचे क्विस्क्वॅलिस. ह्या लॅटिन नावात 'कोण?' आणि 'काय?' असे दोन प्रश्न सामावले आहेत, हा योगायोग मोठा गमतीचा! तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे लाल. पहिल्या रात्री लांब सोंडेचे पतंग त्यावर येतात. फुलाखाली देठासारखी दिसणारी लांबट नळी असते, आणि पान गळाल्यावर त्याच्या देठाचा बुंधा काट्यासारखा खोडावर राहतो. एवढ्या खुणा पुरेत.

माधवी निराळ्या कुळातील. शास्त्रीय नाव हिप्टाजी बेंगालेन्सिस, मराठीत हळदवेल. अमरकोशात वासंती, अतिमुक्त, पुंड्रक ही तिचीच नावे दिली आहेत. 'मेघदूता'तील यक्षाच्या बागेत आणि 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात जो माधवीमंडप येतो, तो हिचा. हिची फुले पांढरट, किंचित गुलाबी छटेची. पाकळ्या पाच, कडांना झालर, आणि एका पाकळीवर हळदीचा पिवळा डाग. दहा पुंकेसरांपैकी एक इतरांहून बराच लांब. फळाला तीन पाती, मधले लांब व बाजूची दोन आखूड. वाऱ्यावर ते भिंगरीसारखे फिरत जाते. हिप्टाजी हे नावच मुळी 'उडणे' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. ह्याच रानात उक्षीही फुलते. मात्र तिचा फुलोरा हिरवट असतो आणि फळाला पाच पाती असतात.

माघ-फाल्गुनात पेडण्याहून धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसे, अस्नोडा, मुळगाव असा मार्ग धरून आम्ही डिचोलीस जातो. गाडीरस्ता सोडून ओहोळाकाठच्या झाडीत शिरले, की कधी प्रथम सुगंध येतो आणि मग मान वर करावी लागते. वेल झाडाच्या शेंड्यावर पोहोचलेली असते. पण अशी झाडी आता उरली किती? डिचोलीकडे खाणींच्या मातीचे डोंगर उभे राहिले. पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. २०२२ च्या डिसेंबरात त्याचे उद्घाटन झाले. रस्ते रुंदावले, उतार कापले गेले. ह्या घडामोडी थांबविणे आमच्यासारख्या शाळामास्तरांच्या हाती नाही. एक बी रुजविणे मात्र आहे.

चैत्र-वैशाखात तपकिरी झालेली फळे वेचावीत, पाती मोडून बी पिशवीतील मातीत पेरावे, आणि रोप पावसाळ्याच्या आरंभी उन्हाच्या जागी लावावे. गुटी बांधूनही रोप होते. बियाण्याच्या वेलीस फुलण्यासाठी काही वर्षे धीर धरावा लागतो. वेल पुढे जाडजूड व लाकडासारखी होते, म्हणून बांबूच्या काटक्यांऐवजी चिऱ्याचे खांब असलेला मांडव हवा. फुले ओसरताच छाटणी करावी. आंब्या-फणसावर मात्र तिला चढू देऊ नये. मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर नेलेली ही वेल तेथील रानाच्या मुळावर उठली, आणि जगातील शंभर अतिउपद्रवी परक्या जीवजातींच्या यादीत तिचे नाव आले. आपल्याकडे ती घरचीच. तरी अंगणात तिला शिस्त लावणे बरे.

फाटकावरची मधुमालती कोणी उपटावी असे आम्ही म्हणत नाही. तिच्या शेजारी एक माधवी लावावी, आणि मुलाबाळांना दोघींची नावे वेगवेगळी सांगावीत. 'मेघदूत' शिकविताना माधवी म्हणजे काय हे मुलांना खिडकीतून बोट करून दाखविता आले, तर शिक्षकास आणखी काय हवे?