विजेची परतीची वाट

लोखंड मोडलें तर तें डोळ्यांस दिसतें. टायर फुटला तर आवाज कानीं येतो. रेडिएटरांतून पाणी गळलें तर जमीन ओली होते. विजेचा दोष मात्र असा सरळ पुढें येऊन उभा राहत नाहीं. तो एके ठिकाणीं घर करतो आणि दुसऱ्याच ठिकाणीं तोंड दाखवितो. म्हणूनच मोटारगाडीच्या दुरुस्तींत पैसा, वेळ व मनःस्वास्थ्य यांचा मोठा व्यय विजेचा दोष शोधण्यांत होतो. अशाच एका शोधाचे साक्षी होण्याचा योग आम्हांस आला. त्यांत जें शिकावयास मिळालें तें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्याही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सादर करीत आहों.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेस, सालेकसा तालुक्यांत, दरेकसा नांवाचें लहानसें गांव आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील तें एक स्टेशन असून थोड्याच अंतरावर छत्तीसगडची हद्द लागते. भोंवतालीं डोंगर व जंगल. जवळच हाजरा धबधबा. आणि त्याच परिसरांत कचारगडची विख्यात गुहा, जेथें माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. या गांवीं आमचे मामा राहतात. स्टेशनावरून रात्रंदिवस आगगाड्या धडधडत जातात, परंतु थांबणाऱ्या मोजक्याच. अपरात्रीं कोणास दवाखान्यांत न्यावयाचें झालें तर रानांतल्या रस्त्यानें सालेकसा किंवा थेट गोंदिया गांठावें लागतें. आमच्या मामेबहिणीचें पहिलें बाळंतपण डिसेंबर महिन्यांत माहेरीं व्हावयाचें ठरलें, तेव्हां मामांनीं साठविलेल्या पैशांतून जुलै २०२४ मध्यें नागपुराहून एक वापरलेली मोटार विकत आणिली.

किंमत बाजारभावाहून बरीच कमी होती. तिचें कारण विकणाऱ्यानें सांगितलें नाहीं. तें पुढें गाडीनेंच सांगितलें. २३ सप्टेंबर २०२३ रोजीं पहाटेच्या सुमारास नागपुरांत कांहीं तासांत १०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला, नाग नदीचें पाणी वस्त्यांत शिरलें, आणि दारापुढें उभ्या असलेल्या कित्येक मोटारी बुडाल्या. मामांची गाडी त्यांतलीच एक असावी.

पावसाळ्यांत गाडीच्या तक्रारींस आरंभ झाला. दोन-तीन दिवस उभी राहिली कीं किल्ली फिरवितांच सेल्फ नुसता ‘टक् टक्’ करी. इंजिन हालत नसे. डावीकडचा इंडिकेटर लाविला कीं मागचा ब्रेकचा लाल दिवाही त्याच्याबरोबर मिणमिणूं लागे. एका गॅरेजांत नवी बॅटरी बसविली. आठ दिवस बरे गेले, पुन्हां तोच प्रकार. दुसऱ्या ठिकाणीं अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडींत बॅटरी भरणारें यंत्र, बदलावयास सांगितलें. तिसरीकडे गाडीचा ‘कॉम्प्युटर’ गेला असें निदान होऊन खर्चाचा असा आंकडा सांगण्यांत आला कीं, मामांनीं किल्ली खुंटीस अडकवून ठेविली. तिघांचीं निदानें निराळीं होतीं. परंतु एक गोष्ट तिघांत समान होती. मोजमाप कोणींच केलें नव्हतें.

दिवाळीच्या सुटींत आम्ही तेथें गेलों तेव्हां बाळंतपणास जेमतेम पांच आठवडे उरले होते, आणि दारांतली गाडी असून नसल्यासारखी होती. गांवांत रेल्वेच्या सिग्नल खात्यांतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ आहेत. लहानथोर सर्व त्यांस काका म्हणतात. मामांनीं त्यांस बोलाविलें. काका आले ते हातांत एक मल्टिमीटर व एक वही घेऊन. मामा पाना शोधूं लागले तेव्हां ते म्हणाले, “भाऊ, आज पाना लागणार नाहीं. आज फक्त विचारावयाचें आणि लिहावयाचें.” दोष केव्हां येतो, पावसांत कीं उन्हांत, गाडी किती दिवस उभी राहिल्यावर, त्या वेळीं कोणते दिवे लागलेले असतात, अशा प्रश्नांच्या उत्तरांनीं वहीचें एक पान भरलें. मोजणी त्यानंतर.

मोटारीच्या बॅटरींत सहा घरें असतात व प्रत्येक घरांतून सुमारें २.१ व्होल्ट दाब मिळतो; म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. तीन दिवस उभ्या असलेल्या या गाडीच्या बॅटरीनें १२.० दाखविले, म्हणजे ती बरीच रिती झाली होती. काकांनीं ती रात्रभर चार्जरवर ठेविली, मग दुसरी रात्र तिच्या तारा सोडवून ठेविल्या. सकाळीं पाहतात तों १२.६ कायम. म्हणजे बॅटरी निर्दोष. गाडींत कोणीतरी तिचें पाणी चोरून पीत होतें! नंतर तारा जोडून कशीबशी गाडी चालू केली. बॅटरीवर १४.१ व्होल्ट भरले. चालत्या इंजिनांत १३.८ ते १४.५ च्या आसपास दाब असावा लागतो. तेव्हां अल्टरनेटरही निर्दोष ठरला. ज्यांच्यावर आरोप झाला होता त्यांपैकीं दोघे अशा रीतीनें एका पैशाचा सुटा भाग न बदलतां सुटले.

आतां सेल्फचा प्रश्न राहिला. काका आम्हांस म्हणाले, “मास्तर, दिवा विझला म्हणजे लोक दिव्याकडे पाहतात. वीज आली कीं नाहीं हें पाहतात. ती परत गेली कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं.”

हें वाक्य नीट समजून घेण्याजोगें आहे. विजेस जाण्याइतकीच परतण्याचीही वाट लागते. मोटारींत प्रत्येक दिव्यास परतीची निराळी तार लांबवर नेण्याऐवजीं गाडीच्या लोखंडी सांगाड्याचाच परतीचा रस्ता केलेला असतो. यास अर्थ म्हणतात. बॅटरीची ऋण बाजू एका जाड पट्टीनें सांगाड्यास व इंजिनास जोडलेली असते. काकांनीं मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटावर व दुसरें इंजिनाच्या उघड्या धातूवर धरिलें आणि मामांस किल्ली फिरवावयास सांगितली. या दोन जागांमध्यें फार तर ०.२ किंवा ०.३ व्होल्टांचा फरक दिसावयाचा, दिसला १.४ व्होल्टांचा. पट्टी सोडून पाहिली तों तिच्या टोंकाखालीं हिरवापांढरा क्षार सांचलेला, व वेष्टनाच्या आंत तांबें कुजून काळें पडलेलें.

मग दिवे लागत होते आणि सेल्फच कां अडत होता? याचें उत्तर ओहमच्या नियमांत आहे, जो आपण वर्गांत पाठ करतों. वाटेंत खर्ची पडणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिलें अडथळा. लहान मोटारीचा सेल्फ इंजिन फिरवितांना सुमारें १५० अँपिअर ओढतो. त्याच्या वाटेंत एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला तरी दीड व्होल्ट वाटेंतच नाहींसे होतात. तोच अडथळा अर्ध्या अँपिअरच्या दिव्यास जाणवतही नाहीं. लहान कामांत न दिसणारा दोष मोठ्या कामाच्या वेळीं उघडा पडतो तो असा. हा नियम गेऑर्ग ओहम यानें १८२७ मध्यें प्रसिद्ध केला. तो त्या काळीं कोलोन शहरांतील, जेजुइट संघाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या हायस्कुलाचा शिक्षक होता, आणि शाळेच्या उपकरणांवरच त्यानें पुष्कळ प्रयोग केले. आरंभीं त्याच्या ग्रंथाचें स्वागत थंडपणें झालें; लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ली पदक दिलें तें १८४१ मध्यें. शाळेच्या प्रयोगशाळेस क्षुल्लक समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

नवी पट्टी बसविली, टेंकण्याच्या जागा पॉलिश कागदानें घासून चकचकीत केल्या, वर व्हॅसलीन लाविलें. सेल्फ पहिल्याच झटक्यास फिरला. मागच्या दिव्याचें कोडेंही याच जातीचें निघालें. त्या दिव्याची अर्थची तार गंजून तुटल्यासारखी झाली होती. आपली वाट बंद दिसतांच इंडिकेटरची वीज शेजारच्या ब्रेकच्या दिव्यांतून परतण्याचा मार्ग काढीत होती, व म्हणून तो बिचारा विनाकारण मिणमिणत होता. बल्ब बदलून हें कधींच बरें झालें नसतें.

राहिला चोर. त्यास पकडण्याची युक्ति मोठी सुरेख आहे. बॅटरीची ऋण तार सोडून तिच्या व खुंटाच्या मध्यें मीटर अँपिअर मोजण्याच्या स्थितींत जोडिला. दाराची कडी पेचकसानें मिटविली, म्हणजे दार उघडें असूनही गाडीस तें बंद वाटावें. आणि मग अर्धा तास कोणीं कशास हात लाविला नाहीं, कारण आधुनिक गाडींतील यंत्रें झोंपी जावयास वेळ घेतात. झोंपलेल्या गाडीनें साधारणतः ५० मिलिअँपिअरहून कमी वीज घ्यावी. ही घेत होती ४२०. तीन दिवसांत इतक्या गळतीनें सुमारें ३० अँपिअर-तास जातात, आणि बॅटरी होती ४५ ची! काकांनीं एकेक फ्यूज उपसून पाहण्यास सुरवात केली. उपसावा, मीटर पाहावा, परत बसवावा, वहींत लिहावें. एका फ्यूजाशीं येतांच आंकडा एकदम ३० वर उतरला. त्याच जागीं आणखी एक गोष्ट सांपडली. तेथें १५ अँपिअरचा निळा फ्यूज हवा असतां कोणींतरी ३० चा हिरवा बसविला होता. वरचेवर उडणाऱ्या फ्यूजाचें कारण न शोधतां त्याचें तोंड बंद करण्याचा हा मार्ग. यानें गाड्यांस आगी लागतात.

त्या फ्यूजाच्या तारेचा माग काढीत गेल्यावर डावीकडच्या आसनापुढील गालिचा उचलला. खालचा जाड नमदा अजून ओला होता, आणि त्यांत बारीक गाळ होता. वर्षापूर्वींचा पूर दरेकसाच्या रानांत आमच्या हातास लागला! त्या ओलींत बुडालेल्या एका जोडणीच्या पिनांमध्यें क्षाराचा पातळ थर सांचून त्यांतून वीज झिरपत होती, व एक यंत्र रात्रभर जागें राहत होतें. पिना बदलल्या, जोडणी स्वच्छ करून वाळविली, गालिचा व नमदा तीन दिवस उन्हांत घातला. मीटर ३० वर स्थिर राहिला. ‘कॉम्प्युटर’ शेवटपर्यंत जागचा हालविला नाहीं.

ख्रिस्तशिष्य थोमा यानें जखमांस हात लाविल्यावांचून विश्वास ठेवणार नाहीं असें म्हटलें, त्याबद्दल त्यास पुष्कळ बोल लागला. श्रद्धेचें क्षेत्र निराळें. पण विजेच्या कामांत थोमाचीच वृत्ति हवी, हें काकांनीं आम्हांस दाखविलें. डिसेंबरांत एके रात्रीं अडीचच्या सुमारास मामेबहिणीस कळा येऊं लागल्या. थंडी कडाक्याची होती आणि गाडी चार दिवस उभी होती. किल्ली फिरली, इंजिन चालू झालें, आणि उजाडण्यापूर्वीं गोंदियाच्या दवाखान्यांत कन्यारत्न जन्मास आलें.

ज्या मुलांस या कामाची हौस वाटेल त्यांनीं चार पथ्यें पाळावीं. बॅटरी सोडवितांना ऋण तार आधीं सोडावी व जोडतांना शेवटीं जोडावी. भरणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जवळ आगकाडी पेटवूं नये. मीटर अँपिअरवर असतां सेल्फ मारूं नये, मीटर जळतो. पिवळ्या वेष्टनाच्या जोडण्या बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांस जाणत्या कारागिराशिवाय कोणीं स्पर्श करूं नये. आणि पालकांनीं वापरलेली गाडी घेतांना रंगाकडे पाहण्यापूर्वीं गालिचा उचलून पाहावा, नाकानें कुबट वास घ्यावा, व आसनाच्या पट्ट्याची चिंधी शेवटपर्यंत ओढून तिच्यावर गाळाचा डाग आहे कीं काय हें पाहावें.

पालकांस आणखी एक विनंति. मूल नववींत बीजगणितांत अडतें तेव्हां आपण बीजगणिताची शिकवणी लावतों. ती अपुरी पडली कीं दुसरी लावतों. शेवटीं ‘याचें डोकेंच चालत नाहीं’ असा निकाल देतों. कॉम्प्युटर गेला म्हणणाऱ्यांत व आपणांत मग अंतर तें काय? पुष्कळदां दोष पांचवीच्या अपूर्णांकांत, घरांतल्या एखाद्या काळजींत, किंवा फळा नीट न दिसणाऱ्या डोळ्यांत असतो. एक दिवस पाना बाजूस ठेवून नुसतें विचारावें आणि लिहून घ्यावें. मग एकेक गोष्ट तपासावी. जें निर्दोष ठरेल त्यास निर्दोष म्हणावें. दोष सांपडला म्हणजे तो बहुतेक वेळां एखाद्या लहानशा सांध्यांतली ओल असतो, आणि ओल उन्हानें वाळते.