धीमी गाडी

पन्नाशी उलटलेल्या माणसानें काय शिकावें याविषयीं आपल्या समाजांत कांहीं संकेत ठरून गेले आहेत. गीतेवरील एखादें भाष्य, थोडीं योगासनें, फार तर संवादिनी. याच्या पलीकडे त्यानें पाऊल टाकलें कीं घरांतलीं माणसें एकमेकांकडे पाहूं लागतात. आम्हीं चौपन्नाव्या वर्षीं गिटार आणली.

बोरिवलीस आमच्या घरापासून आय. सी. कॉलनी जवळ आहे. त्या ख्रिस्ती वस्तींतून संध्याकाळीं फिरून येतांना खिडक्यांतून गिटारीचे सूर कानांवर पडत, आणि आपल्यालाही हें यावें ही इच्छा कित्येक वर्षें मनांत घर करून होती. शेवटीं एका शनिवारीं धोबी तलावावरच्या दुकानांतून वाद्य घेतलें आणि मरीन लाइन्सला गाडींत चढलों. शेजारच्या गृहस्थांनीं विचारलें, "मुलासाठीं वाटतें?" आणि जन्मभर तर्कशास्त्र शिकविणाऱ्या आम्हीं निमूटपणें "होय" म्हटलें. आम्हांस मुलगा नाहीं, हें येथें नमूद केलें पाहिजे.

शिकवावयास त्याच कॉलनींतील एक पंचविशीचा तरुण मिळाला. पहिल्याच दिवशीं आम्हीं त्यास अट घातली, "परीक्षा नको, घाई नको, आम्ही आमच्या गतीनें शिकूं." तो हंसून म्हणाला, "चालेल, सर."

गिटारीची पहिली पायरी म्हणजे 'कॉर्ड'. संवादिनीवर सा, ग, प ह्या तीन पट्ट्या एकदम दाबल्या तर जो मेळ उमटतो, तोच येथें डाव्या हाताचीं बोटें तारांवर रोवून काढावयाचा. पोलादी तारा बोटांच्या अग्रांत रुततात. कातडी निबर होईपर्यंत कांहीं आठवडे जातात. त्याहून अवघड म्हणजे एका मेळांतून दुसऱ्यांत जाणें. सगळीं बोटें एकदम उचलून, ताल न चुकतां, नव्या जागीं पडावीं लागतात. आणि 'एफ' नांवाच्या मेळांत तर एकटी तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून धरावी लागते. येथें भलेभले नवशिके वाद्य भिंतीला टेकवून ठेवतात. आम्हींही ठेवलें.

उत्तरपत्रिका, भाचीचें लग्न, पावसाळा. दोन महिने असेच गेले. पुन्हां वाद्य हातीं घेतलें तेव्हां बोटांचीं अग्रें मऊ झालीं होतीं आणि जें थोडें आलें होतें तेंही गेलें होतें. आम्ही म्हणालों, "आमची गतिच ही!" तो म्हणाला, "सर, ही गति नाहीं. ही सुट्टी आहे." मग त्यानें आपल्या मोबाइलवर मेट्रोनोम लावला. माल्त्सेलनें १८१५ सालीं पेटंट घेतलेलें हें टिकटिकणारें यंत्र आतां खिशांत मावतें. मिनिटाला पन्नास ठोके. "ह्याहून हळू हवें तर तसें करूं," तो म्हणाला, "पण ठोका चुकवायचा नाहीं."

आपण जिला 'गति' म्हणत होतों ती वस्तुतः 'सवड' होती, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. सवडीला ताल नसतो. गतीला, ती कितीही मंद असली तरी, असतो. आपल्या गायकांना हें पूर्वींपासून ठाऊक आहे. विलंबित लय म्हणजे ढिली लय नव्हे. दोन मात्रांमधील अंतर जितकें मोठें, तितकें तें सांभाळणें कठीण. बोरिवलीकराला तर हा दाखलाही नको. धीमी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. पण तिलाही वेळापत्रक असतें, आणि ती बोरिवलीस पोंचते.

त्याच शिकवणींत 'एफ' तिसऱ्यांदां फसला तेव्हां तो तरुण एवढेंच म्हणाला, "परत, सर. सावकाश." आणि आम्हांस वीस वर्षांपूर्वींचा आमचा एक वर्ग आठवला. मागच्या बांकावरील एक विद्यार्थी तोच प्रश्न तिसऱ्यांदां विचारीत होता. आम्हांस अभ्यासक्रम उरकावयाचा होता. "सगळा वर्ग तुमच्यासाठीं थांबूं शकत नाहीं," असें आम्ही बोलून गेलों. तो खालीं बसला. पुढें तो उत्तीर्णही झाला. पण त्या वर्षांत त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं. त्याची शंका फिटली, असें आम्हीं तेव्हां समजलों.

वर्गाला एकच गति असते. तो त्याचा दोष नव्हे, धर्म आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गाणें वर्गांत आणलें, आणि त्या वाटेनें तें आमच्यासारख्यांच्या घरांत शिरलें. परंतु वर्ग पुढें गेल्यावर मागें राहिलेल्यासाठीं दोन पावलें परत येणें हें शिक्षकाचें काम. तें आम्हीं केलें नाहीं. आज त्या विद्यार्थ्यास गांठून क्षमा मागावी म्हटलें तर त्याचें नांवही आठवत नाहीं. आठवतो तो फक्त खालीं आलेला हात.

गिटारीला वर्ष झालें. 'एफ' आतां दहांतून सहा वेळां स्वच्छ उमटतो. यंदां वर्गांत कोणी तोच प्रश्न पुन्हां विचारला तर आम्ही "परत पाहूं" म्हणतों, आणि अभ्यासक्रम तरीही संपतो, असा अनुभव आहे.

परवां तारा बदलून घ्यावयास पुन्हां धोबी तलावास गेलों होतों. परततांना समोरच्या बांकावरील एका बाईंनीं कौतुकानें विचारलें, "मुलाची का हो?"

"नाहीं," आम्ही म्हणालों, "आमचीच. शिकतों आहों."