परकार, गुण्या आणि ओळंबा

फ्रीमेसन हा शब्द आमच्या मोहल्ल्यात आता मोबाईलवरून येतो. त्रिकोणातला डोळा, दज्जाल, गुप्त खुणा, आणि शेवटी 'पुढे पाठवा, सवाब मिळेल' असा हुकूम. सातवीच्या वर्गात भूमिती शिकवताना एका मुलाने विचारले, "सर, ये परकार भी उन्हीं का निशान है ना?" आम्ही हसलो नाही. पोराची भीती खरी होती.

परकार आणि गुण्या ही फ्रीमेसनांची चिन्हे आहेत, हे खरेच. पण ती आली गवंड्यांच्या पिशवीतून. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ वागणूक, परकार म्हणजे नफ्साला घातलेली हद्द, असे अर्थ ते लावतात. मुंबईत 1843 साली हिंदी लोकांना प्रवेश देण्यासाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली. मुसलमान सभासदाला कुराणावर शपथ घेता येते. लोक मात्र अशा इमारतींना 'जादूघर' म्हणत राहिले. दार बंद असले की माणूस आत जादूच कल्पितो!

ड्रुइडांचे प्रकरण त्याहून गमतीचे. विल्यम स्टुकली हा इंग्रज 1721 साली फ्रीमेसन झाला, पुढे पाद्री झाला, आणि 1740 च्या ग्रंथात त्याने स्टोनहेंज हे ड्रुइडांचे मंदिर ठरवून टाकले. ते मोठे दगड उभे राहिले सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी. ड्रुइडांचे लेखी उल्लेख त्यानंतर दोन हजार वर्षांनी सापडू लागतात. वेल्सचा आयोलो मॉर्गनवग तर खरोखरचा गवंडी. त्याने 1792 साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर ड्रुइडांचा म्हणून जो समारंभ केला, तो बराचसा त्याच्याच डोक्यातून निघालेला. वेल्सच्या राष्ट्रीय साहित्यमेळ्यात तो आजही थाटात होतो. जुनी हस्तलिखिते बनावट रचणारा हा माणूस आपल्या दुकानात गुलामांच्या श्रमाची साखर मात्र ठेवत नसे. त्याला खोटारडा म्हणून हातावेगळे करणे आम्हाला जमत नाही.

आमची खरी अडचण होते ती अमीर अब्दुल कादिर यांच्यापाशी. अल्जीरियात फ्रेंचांशी पंधरा वर्षे लढलेला हा मुजाहिद, इब्न अरबींचा भक्त. 1860 च्या दमास्कसच्या दंगलीत त्यांनी हजारो ख्रिस्त्यांचे प्राण वाचवले. पॅरिसच्या 'हेन्री चौथा' लॉजने आभाराचे पत्र आणि भेट पाठवली. 1864 साली अलेक्झांड्रियात त्यांना सभासद करून घेतल्याची नोंद आहे. 1978 साली मक्केच्या फिकह अकादमीने फ्रीमेसनरीविरुद्ध निर्णय दिला. त्या निर्णयाशी आमचा वाद नाही. ज्या शपथेतले सगळे बायकोलाही सांगता येत नाही, तिच्याबद्दल आमच्याही मनात अढी आहे. पण दज्जालच्या त्या व्हिडिओंच्या हिशेबाने अमीरसाहेबही शैतानाच्या टोळीतलेच ठरतात, आणि तिथे आमची जीभ अडते.

त्यांचे काही वंशज हे सभासदत्वच नाकारतात. नाकारोत. दमास्कसमध्ये आपण जे केले ते शरीयत आणि माणुसकीचे हक्क यांना धरून केले, असे अमीरसाहेबांनी 1862 साली अल्जीयर्सच्या बिशपला लिहिले होते. तेव्हा ते कुठल्याही लॉजचे सभासद नव्हते.