कोटाथेरियमच्या गावी

आलापल्ली सोडली की सिरोंचापर्यंत सुमारे शंभर किलोमीटर बहुतेक सागाचं जंगलच लागतं. पुढे दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं दिसू लागतात. मला सिरोंचाजवळच्या कोटा गावी, प्राणहितेच्या काठावर जायचं होतं.

गाव छोटं, पण भूशास्त्रज्ञांना जगभर ठाऊक आहे. इथल्या चुनखडीतल्या माशांच्या जीवाश्मांवर १८५१मध्येच लंडनमध्ये लेख छापला गेला. खडकांच्या या थरांना नावही गावाचंच मिळालं. या खोऱ्यातून निघालेला डायनासोर बारापासॉरस प्रसिद्ध आहे. त्याचा अवाढव्य सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. मी आलो होतो ते मात्र एका इवल्याशा दाढेच्या ओढीनं.

पी. एम. दत्ता यांनी १९८१मध्ये ती जगासमोर मांडली. भारतातला पहिला ज्युरासिक सस्तन प्राणी! कोटा थरांवरून आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्यावरून नाव दिलं ‘कोटाथेरियम हाल्डेनी’. हाल्डेन १९५७मध्ये त्याच कोलकात्याच्या संस्थेत आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४मध्ये वारले.

काठावर उभं राहून मी पलीकडचं तेलंगण पाहत होतो. हे थर नदी ओलांडून तिकडे पसरले आहेत. तिथल्या पैकासिगुडेमजवळही असेच चिमुकले दात सापडले. ते शोधायला माती भिजवावी लागते, बारीक चाळणीतून धुवावी लागते आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणानं निवडावा लागतो. मोहरीच्या दाण्याएवढी वस्तू नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही. या कष्टांपुढे मला तरी महाकाय हाडांचं कौतुक कमी वाटतं.

एका दाढेवरून एवढं कसं कळतं? लहान प्राण्यांच्या हाडांचा चुरा होतो, दातांवरचं कठीण एनॅमल टिकतं. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात बहुधा सारखेच, पडतील तसे नवे येणारे. सस्तनांच्या दाढा वरखाली नेमक्या जुळतात. कोटाथेरियमच्या गटात दाढेवरचे मुख्य उंचवटे त्रिकोणात असतात. वरचे आणि खालचे त्रिकोण एकमेकांना घासून किड्यांची कवचं कापली जायची. डायनासोरांच्या पायांशी वावरणारे हे जीव आपल्याच गणगोतातले. बारापासॉरसपेक्षा ते आपल्याला कितीतरी जवळचे आहेत, आणि शाळेच्या पुस्तकात त्यांना जागा हवीच.

सिरोंचाकडे गेलात तर वडधमचं जीवाश्म उद्यान बघा आणि वाट वाकडी करून कोट्यालाही जा. फक्त तिथला दगड उचलून घरी नेऊ नका.