फ्रिजच्या दारातली अर्धी बाटली

आमच्या फ्रिजच्या दारात कायम एक अर्धी बाटली असायची. अँटिबायोटिकची. थोरल्याला सर्दी-ताप आला की डॉक्टरकडे जायच्या आधी त्यातलंच एक चमचा. धाकटीलाही तेच. संपलं की मेडिकलवाल्याला नुसतं म्हणायचं, "दादा, मागच्या वेळचं द्या." चिठ्ठी ना त्याने कधी मागितली, ना मी दाखवली.

गेल्या पावसाळ्यात धाकटीला लघवीचं इन्फेक्शन झालं. औषध सुरू होतं, पण ताप हटेना. कल्चरचा रिपोर्ट आला, तर एकामागून एक औषधांपुढे आर, आर, आर. म्हणजे रेझिस्टंट. औषध लागू पडणार नाही. चार वर्षांच्या पोरीला सात दिवस शिरेतून इंजेक्शनं.

मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "अहो, यातली निम्मी औषधं तिने कधी घेतलेलीच नाहीत."

"घ्यावी लागतच नाहीत," त्या म्हणाल्या.

लघवीच्या इन्फेक्शनचे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले, ई. कोलाय. आणि धडधाकट, खेळत्या मुलांच्या पोटातही औषधांना दाद न देणारे जीन्स असलेले जंतू सापडतात. ते पाण्यातून, अन्नातून, घरच्यांच्या हातांवरून येतात. त्रास काहीच नसतो, म्हणून कळतही नाही. हे जीन्स प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यावरून एका जंतूतून दुसऱ्यात जातात, अगदी वेगळ्या प्रकारच्या जंतूतही. आपण उगाच दिलेला डोस साधे जंतू मारतो आणि या चिवट जंतूंना रान मोकळं करून देतो.

आमच्या बाटलीमुळेच हे झालं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. पण त्या बाटलीचा हिशोब आमच्या घरापुरता नव्हता, हे मला कळलं. ते जंतू शेजारच्या लेकरापर्यंतही जातात.

नियम आहेत. शेड्यूल एच-१ मधलं अँटिबायोटिक विकताना डॉक्टर आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं, हे १ मार्च २०१४ पासून बंधनकारक आहे. कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन जुलै २०१९ मध्ये बंद झालं. ती रजिस्टरं नियमित तपासली जावीत, ही मागणी आपण करायलाच हवी. पण चिठ्ठीशिवाय मागणारे आपणच असतो ना?

सर्दी व्हायरसची असते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टर "गरज नाही" म्हणाले, तर "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणू नका. दिलं, तर सांगितलं तेवढे दिवस द्या. उरलेलं पुढच्या तापासाठी ठेवू नका.

आज फ्रिजचं दार उघडाल तेव्हा एकदा बघा.