न मागितलेली पत्रे

जळगावच्या आमच्या घरी पूर्वी अधूनमधून एखादे निनावी पोस्टकार्ड येई. 'या पत्राच्या प्रती काढून धाडा. साखळी तोडाल तर अनर्थ ओढवेल.' आई क्रुसाची खूण करी आणि ते कार्ड चुलीत घाली. "देव धमक्या देत नाही," एवढेच ती म्हणे.

चुली गेल्या, ई-मेल आली. १९७८ साली अमेरिकेतील एका संगणक कंपनीने सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली. नकोशा ई-मेलचा आरंभ तेथून मानतात.

गेल्या पावसाळ्यात धुळ्याच्या मावशींना फादरांच्या नावाने पत्र आले : 'अडचणीत आहे. तातडीने पैसे पाठवा. कोणास सांगू नका.' मावशी पैसे धाडण्याच्या बेतात होत्या. आम्ही फादरांना फोन लावला; ते सुखरूप होते. नाव त्यांचे, पत्ता परका!

तेव्हापासून आम्ही अनोळखी पत्रास उत्तर देत नाही. त्यातील दुवा उघडत नाही, 'पत्रे नकोत' असे कळविण्यासाठीही नाही. कारण त्यावरून आपला पत्ता वापरात असल्याचे धाडणाऱ्यास कळते. पत्र 'स्पॅम' म्हणून नोंदवितो, म्हणजे संगणकाची चाळणी सुधारते. धर्मग्रामाच्या सूचना धाडताना सर्वांचे पत्ते झाकतो. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

मावशींना एकच खंत राहिली. "उद्या खरोखर कुणी अडला तर?"

"मावशी, खऱ्या अडलेल्याला 'कोणास सांगू नका' असे म्हणावे लागत नाही," आम्ही म्हणालो.