सराफ की सर्राफ?

रायपूरच्या सदर बाजारात सोन्याचांदीच्या पेढ्या रांगेने उभ्या आहेत. पाट्यापाट्यांवर ‘सराफा’ हा शब्द वाचायला मिळतो. तेथल्याच एका बोळात सराफ आडनावाचे एक मराठी गृहस्थ घड्याळे दुरुस्त करतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात अनेक मराठी कुटुंबे छत्तीसगढात आली. १८५४ मध्ये तो अमल संपला. कुटुंबे मात्र येथेच राहिली. “सराफ, आणि दुकान घड्याळांचे?” असे गिऱ्हाइके थट्टेने विचारतात.

खरे तर या आडनावाचे मूळ सोन्यात नाही. ‘सर्राफ’ हा अरबी शब्द. त्याचा अर्थ नाणी बदलून देणारा. पूर्वी निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. एकाचे वजन कमी, तर दुसऱ्याची चांदी हिणकस. सराफ नाणे वाजवून पाही, तोलून पाही आणि बट्टा कापून त्याच्या मोलाचे दुसरे नाणे देई. १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया काढला आणि हे काम हळूहळू ओसरले. सराफाची पारखी नजर मग सोन्याचांदीतच रमली. खजिन्यात येणारी नाणी पारखणारा तो पोतदार. तेही पुढे आडनाव झाले. मुंबईच्या पारशी व गुजराती घरांत सराफाचा ‘श्रॉफ’ झाला. दूर स्पेनमध्ये ‘एरेरो’ हे आडनाव आढळते. त्याचा अर्थ लोहार. ते लावणाऱ्या किती जणांच्या हाती आज हातोडा असेल!

या गृहस्थांच्या मुलीची शाळा आठवीत सुटली होती. अनेक वर्षांनी तिने दहावीचा अर्ज भरला आणि तो परत आला. शाळेच्या जुन्या दाखल्यावर हिंदी रीतीने ‘सर्राफ’ होते, शिधापत्रिकेवर ‘सराफ’.

“आपले नाव बिघडवले त्यांनी,” वडील चिडून म्हणाले.

“बाबा, अर्जाची मुदत चारच दिवस आहे,” एवढेच ती बोलली.

वास्तविक अरबीतला जोड ‘र’ हिंदीने जपला. मराठीने तो सोपा करून घेतला. बिघाडच म्हणायचा, तर तो मराठीच्या पदरी पडतो! दोन्ही रूपे आपापल्या भाषेत शुद्धच आहेत. कचेरीला मात्र शब्दाचे मूळ नको असते. दोन कागदांवरची अक्षरे जुळावी लागतात.

अखेर ‘सराफ’ आणि ‘सर्राफ’ ही एकाच व्यक्तीची आडनावे आहेत, असे प्रतिज्ञापत्र करायचे ठरले. सही करण्यापूर्वी वडिलांनी घड्याळाचे भिंग डोळ्याला लावले आणि त्यातले अक्षर न् अक्षर तपासून पाहिले.